अध्यासन

दारावरच्या पाटीला दोन स्क्रू.
सतरा वर्षांत मी ते सात वेळा काढले,
सात वेळा बसवले.
रॉस्टॉकच्या या मजल्यावर कायम अशी मीच एक,
एल्के टीडेमान, सचिव.
बाकी सारे विद्वान हंगामी.

डॉक्टर वीबके हार्मसेन आल्या ऑक्टोबरात,
दोन सत्रांच्या बदलीवर.
दर मंगळवारी हॅम्बुर्गहून, सकाळच्या गाडीने,
पिशवीत उकडलेली दोन अंडी
आणि सहाशे बारा पानांचा प्रबंध:
लवादाचं आसन म्हणजे काय.

मी एकदा विचारलंच.
त्यांनी माझ्या टेबलावरचा स्टेपलर उचलला, डिंकाची बाटली उचलली.
हा रीगाचा गहूवाला, ही अलेक्झांड्रियाची गिरणी.
गहू भिजला. भांडण झालं.
लवाद बसले दुबईतल्या हॉटेलात,
साक्षी झाल्या पडद्यावरून,
निवाडा एकाने विमानात लिहिला.
पण करारात लिहिलं होतं स्टॉकहोम.
म्हणजे कायद्याच्या डोळ्यांनी ते सगळे
पूर्ण वेळ स्टॉकहोमातच बसलेले.
"तिथे कुणी गेलंच नाही?"
"पाऊलसुद्धा नाही."
हसल्या, आणि स्टेपलर होता तिथे ठेवला.

प्राध्यापकांच्या खुर्चीत त्या कधी बसल्या नाहीत.
भिंतीजवळची, पाहुण्यांची, ओढून घ्यायच्या.
लीव्हर कडक आहे म्हणायच्या,
आणि दुसऱ्याची उंची कशाला बिघडवा.

वय एकेचाळीस. शिकवणं असं की
लुटुपुटूच्या लवादाच्या सरावाला
मुलं रात्री दहापर्यंत थांबत,
बंदरावरून भोंगा येई तरी कुणी घड्याळ बघत नसे.
प्रतिवादीची बाजू मांडताना यानिकाला रडू फुटलं,
तर म्हणाल्या, रड,
पण परिच्छेदाचा क्रमांक सांगून रड.

नोकरीसाठी द्यायच्या व्याख्यानाला
आमच्याकडे म्हणतात 'पुढ्यात गाणं'.
त्या बायरॉइथला गाऊन आल्या,
कीलला, ओस्नाब्रुकला.
तिन्हीकडे यादीत दुसऱ्या.
पहिला नाही म्हणाला तर दुसरीला बोलावणं.
पहिला पाच महिने विचार करतो
नि शेवटी हो म्हणतो.

कीलचं पत्र दीड ओळीचं.
त्यांनी ते उलटं करून पाहिलं.
"कारणं न दिलेला निवाडा
मी एका दुपारीत रद्द करून दाखवला असता, फ्राऊ टीडेमान."
मग अंडं सोलायला घेतलं.

त्यांचाच एक जुना विद्यार्थी फ्रांकफुर्टात
तासाचे जे घेतो, ते मी कागदावर मांडून पाहिलं
आणि कागद फाडून टाकला.
तो फोन करायचा: मॅडम, या कलमावर तुमचं मत?
त्या सांगायच्या. फुकट, उभ्या-उभ्या,
कोट एका बाहीत.

एकतीस मार्चला पाटी काढली.
भोक आता सैल झालंय, स्क्रू धरत नाही.
आगकाडी मोडून आत कोंबली, वर थेंबभर डिंक.
नव्या साहेबांनी पहिल्याच सकाळी
खुर्चीचा लीव्हर दाबला.
सहज खाली गेला.

जूनमध्ये पाकीट आलं, जाड, स्टॉकहोमहून.
'प्रा. हार्मसेन, अध्यासन, रॉस्टॉक.'
लवाद म्हणून बसाल का, असं असावं आत.
पाटी कधीच उतरली, हे त्यांना कोण कळवणार.
फोडलं नाही. फोन लावला.
रुळांची खडखड, डब्यातली घोषणा, तुटका आवाज.
"कुठल्या पत्त्यावर पाठवू? आत्ता कुठे आहात तुम्ही?"
"श्वेरीनच्या अलीकडे," त्या म्हणाल्या,
"नाही, थांबा,
पलीकडे."